वेबसाइटची विश्वासार्हता तपासणारी साधनं: विद्यार्थ्यांच्या कामाची कोणती आणि बिनकामाची कोणती

प्रकल्प असो, सेमिनार असो की प्रबंध, संदर्भ शोधायला बसलं की बघता बघता वीस-पंचवीस टॅब उघडले जातात. त्यातल्या कोणत्या पानाचा हवाला द्यायचा आणि कोणतं सरळ बंद करायचं, हे ठरवायला मदत करणारी साधनं आता भरपूर झाली आहेत. ढोबळमानानं त्यांचे दोन प्रकार पडतात. काही साधनं थेट निकाल देतात: हिरवी खूण, शंभरपैकी गुण, नाहीतर खुणा करत जायची प्रश्नावली. बाकीची निकाल देत नाहीत, माग काढून देतात: हे पान कुणाचं, पूर्वी इथे काय होतं, हा शोधनिबंध मागे घेतला गेलाय का, बाहेरचे लोक या संस्थेबद्दल काय म्हणतात. आमचं मत सुरुवातीलाच सांगतो. माग काढून देणारी साधनं नीट शिकून घ्यावीत, आणि त्यातली जवळजवळ सगळी मोफत आहेत. निकाल देणाऱ्या साधनांवर मात्र संदर्भाचा निर्णय सोडू नये.

प्रश्नावली: जुनी, सोयीची, पण अपुरी

महाविद्यालयांच्या ग्रंथालयांतून सर्वाधिक वाटली जाणारी प्रश्नावली म्हणजे ‘क्रॅप टेस्ट’. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या चिको इथल्या ग्रंथपाल सारा ब्लेकस्ली यांनी ती २००४ मध्ये तयार केली. माहिती ताजी आहे का, विषयाशी संबंधित आहे का, लिहिणाऱ्याचा अधिकार काय, मजकूर अचूक आहे का आणि हेतू काय, असे तिचे पाच भाग. प्रश्न चांगलेच आहेत. अडचण अशी की त्यांची उत्तरं विद्यार्थी त्याच पानावर शोधतो, आणि ते पान ज्याचं आहे त्यानंच ती उत्तरं लिहून ठेवलेली असतात.

पानाच्या तळाशी असलेलं कॉपीराइटचं वर्ष घ्या. अनेक ठिकाणी ते एका छोट्या स्क्रिप्टनं दर १ जानेवारीला आपोआप बदलतं. मजकुराला दहा वर्षं कुणी हात लावलेला नसला तरी. ‘शेवटचं अद्ययावत’ ही तारीखही बऱ्याच वेबसाइटवर एखादा स्वल्पविराम बदलला तरी पुढे सरकते. पत्त्याच्या पट्टीतल्या कुलपाचा अर्थ एवढाच, की तुमचा ब्राउझर आणि ती वेबसाइट यांच्यातली देवाणघेवाण वाटेत कुणाला वाचता येत नाही. पलीकडे कोण बसलंय, याबद्दल ते काही सांगत नाही. लोक कुलपाचा अर्थ ‘भरवशाची वेबसाइट’ असा लावतात हे पाहूनच क्रोमनं सप्टेंबर २०२३ मध्ये ते चिन्ह काढलं.

‘डॉट ऑर्ग म्हणजे सेवाभावी संस्था’ हा असाच एक समज. डॉट ऑर्ग कुणालाही विकत घेता येतं. कंपनीलाही आणि एखाद्या उद्योगाची बाजू मांडणाऱ्या गटालाही. डॉट ईडीयू तुलनेनं बंदिस्त आहे. २००१ पासून ते अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त उच्च शिक्षण संस्थांनाच मिळतं, मात्र त्याआधी घेतलेली काही नावं इतरांकडे तशीच राहिली आहेत. शिवाय विद्यापीठाच्या सर्व्हरवर विद्यार्थ्यांची आणि प्राध्यापकांची वैयक्तिक पानंही असतात. पत्त्यात नागमोडी रेघेचं चिन्ह आणि त्यापुढे एखाद्याचं नाव दिसलं, तर ते बहुधा त्या व्यक्तीचं पान समजावं, विद्यापीठाचं नव्हे.

या पद्धतीची मर्यादा स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्र्यू यांच्या २०१७ च्या अभ्यासात स्पष्ट दिसली. त्यांनी १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि स्टॅनफर्डचेच २५ पदवी विद्यार्थी अशा ४५ जणांना काही वेबपानं तपासायला दिली. त्यातली दोन पानं बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांची होती. ‘अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स’ ही १९३० साली स्थापन झालेली, हजारो डॉक्टर सदस्य असलेली मुख्य संघटना. ‘अमेरिकन कॉलेज ऑफ पेडिअ‍ॅट्रिशियन्स’ हा २००२ मध्ये तिच्यातून फुटून निघालेला छोटा गट. दोन्ही वेबसाइट दिसायला नीटनेटक्या, दोन्हींवर संदर्भसूची आणि दोन्हींकडे भारदस्त नाव. विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांना छोट्या गटाचं पान अधिक विश्वासार्ह वाटलं आणि इतिहासकारांतही एकमत झालं नाही. तथ्यतपासनिसांना मात्र फरक लगेच कळला. ते त्या पानावर रेंगाळलेच नाहीत, नवे टॅब उघडून दोन्ही संघटनांबद्दल बाहेर काय लिहिलंय ते त्यांनी आधी पाहिलं.

म्हणून प्रश्नावली वापरायचीच असेल तर ती शेवटी वापरावी. स्रोत कुणाचा हे बाहेरून कळल्यावर, ‘माझ्या विषयाला हा उपयोगी आहे का’ हे ठरवायला तिचे प्रश्न कामी येतात. सुरुवातीला माइक कॉलफिल्ड यांची २०१९ ची ‘सिफ्ट’ पद्धत जास्त चांगली: थांबा, स्रोत कोण ते पाहा, त्याच विषयावर याहून चांगला मजकूर शोधा, आणि विधान मुळात कुठून आलं तिथपर्यंत जा. थांबण्यानंतरची तिन्ही कामं त्या पानाबाहेर पडूनच करावी लागतात, आणि म्हणून ती उपयोगी ठरतात.

सर्च इंजिन: सगळ्यात जवळचं, सगळ्यात कमी नीट वापरलं जाणारं

वेबसाइटचं किंवा संस्थेचं नाव दुहेरी अवतरणचिन्हांत टाका. मग एक जागा सोडून उणे चिन्ह, त्याला चिकटून इंग्रजीत ‘साइट’, अपूर्णविराम आणि लगेच त्या वेबसाइटचा पत्ता. उणे चिन्हानंतर किंवा अपूर्णविरामानंतर जागा सोडलीत तर आज्ञा चालत नाही. बहुतेकांची चूक इथेच होते. असं केलं की त्या वेबसाइटची स्वतःची पानं गळतात आणि इतरांनी तिच्याबद्दल लिहिलेलं तेवढं उरतं. नावापुढे निधी, वाद, टीका, मालकी यांपैकी एखादा शब्द इंग्रजीत जोडला की निकाल आणखी धारदार होतात.

पहिल्या दुव्यावर लगेच क्लिक करू नका. निकालांचं पहिलं पान पूर्ण खालपर्यंत वाचा: कोणत्या वृत्तपत्रांनी, विद्यापीठांनी, सरकारी खात्यांनी उल्लेख केलाय आणि कोणत्या संदर्भात. क्रमांक एकचा निकाल सर्वांत विश्वासार्ह असतो असं नाही. तो शोधाला सर्वाधिक जुळणारा असतो, कधी जाहिरातही असते.

ठळक उदाहरण म्हणजे किमान वेतनाबद्दल माहिती देणारी ‘मिनिममवेज डॉट कॉम’ ही वेबसाइट. ती ‘एम्प्लॉयमेंट पॉलिसीज इन्स्टिट्यूट’चा प्रकल्प असल्याचं पानावरच लिहिलेलं सापडतं, आणि नाव वाचून एखादी तटस्थ संशोधन संस्था असावी असं वाटतं. तेच नाव बाहेर शोधलं की कळतं, ही संस्था बर्मन अँड कंपनी या जनसंपर्क कंपनीतून चालते आणि ती कंपनी रेस्टॉरंट उद्योगासाठी काम करत आली आहे. म्हणजे ज्या उद्योगाला किमान वेतन वाढलेलं परवडत नाही, त्याच्याशी जोडलेला मजकूर. तो वापरूच नये असं नाही. उद्योगाची बाजू म्हणून खुशाल वापरावा, पण ‘संशोधन संस्थेच्या मते’ असं लिहून नव्हे.

ही पद्धत फसते ती दोन ठिकाणी. एकच प्रसिद्धिपत्रक पन्नास वेबसाइटनी छापलेलं असतं आणि पन्नास वेगळे दुजोरे मिळाल्यासारखं वाटतं. दोन-तीन ठिकाणचं पहिलं वाक्य ताडून पाहिलं की कळतं; शब्दन्‌शब्द सारखं असेल तर तो एकच स्रोत धरायचा. दुसरं म्हणजे नामसाधर्म्य. ‘इकॉनॉमिक पॉलिसी इन्स्टिट्यूट’ नावाची एक वेगळीच संस्था आहे. वर सांगितलेल्या संस्थेशी घाईत तिची सहज गल्लत होते.

गूगलच्या निकालाशेजारी तीन टिंबं असतात. त्यामागची ‘या निकालाविषयी’ची खिडकी २०२१ मध्ये आली. जुन्या, नावाजलेल्या वेबसाइटसाठी ती विकिपीडियातली ओळख दाखवते. अनोळखी वेबसाइटसाठी बहुधा ती गूगलला पहिल्यांदा कधी दिसली एवढंच. पहिली चाळणी म्हणून ठीक. त्यापलीकडे तिच्यावर विसंबण्यात अर्थ नाही.

विकिपीडियाबद्दल विद्यार्थ्यांना ‘वापरू नका’ एवढंच सांगितलं जातं, ते आम्हाला पटत नाही. प्रबंधात हवाला म्हणून देऊ नये हे बरोबर. पण एखादं वृत्तपत्र, नियतकालिक किंवा संस्था कोण आहे हे झटकन पाहायला इंग्रजी विकिपीडियाइतकं सोयीचं मोफत ठिकाण क्वचितच असेल. कोणत्या माध्यमांना विश्वासार्ह धरायचं यावर संपादकांत वारंवार झालेल्या चर्चांचे निष्कर्षही तिथे एका पानावर यादीरूपानं ठेवले आहेत, ती यादी पाहण्यासारखी आहे. फक्त एक सापळा ओळखून ठेवा. २००८ मध्ये कोआटी या प्राण्याच्या लेखात कुणीतरी ‘ब्राझिलियन आर्डवार्क’ हे मनानंच रचलेलं टोपणनाव घातलं. ते वृत्तपत्रांनी उचललं आणि पुढे त्याच वृत्तपत्रांचा आधार देऊन ते लेखात टिकून राहिलं. असा गोल फिरणारा संदर्भ पकडायचा असेल तर लेखाच्या ‘इतिहास’ टॅबमधून ‘विकिब्लेम’ हे साधन उघडा. वाक्य टाका, ते लेखात पहिल्यांदा कधी आलं ती तारीख मिळते. आधार म्हणून दिलेली बातमी त्या तारखेनंतरची असेल तर तो आधार धरायचा नाही.

वेबॅक मशीन: शिकायला थोडा वेळ, फायदा मोठा

इंटरनेट अर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून वेबपानांच्या प्रती साठवते आहे आणि २००१ पासून त्या ‘वेबॅक मशीन’मधून सर्वांना पाहता येतात. या परीक्षणातल्या साधनांत आम्ही याला सर्वांत वर ठेवतो. वेबसाइटचा मालक आजचं पान हवं तसं बदलू शकतो. इथे जतन झालेलं कालचं पान तो बदलू शकत नाही.

पत्ता टाकला की वरती वर्षांची पट्टी आणि खाली कॅलेंडर येतं. तारखांवरचे गोल रंगांचे असतात आणि ते रंग वाचता आले पाहिजेत. निळा म्हणजे पान नीट साठवलं गेलं. हिरवा म्हणजे त्या दिवशी तो पत्ता दुसरीकडे वळवलेला होता. नारिंगी म्हणजे पान सापडलं नाही किंवा प्रवेश नाकारला गेला, आणि लाल म्हणजे त्यांचा सर्व्हरच नीट चालत नव्हता. एखाद्या वेबसाइटवर वर्षानुवर्षं निळे गोल असावेत, मग काही महिने नारिंगी किंवा काहीच नाही, आणि त्यानंतर पुन्हा निळे सुरू व्हावेत, असं दिसलं तर सावध व्हा. कारण बहुधा हे: मूळ संस्थेनं वेबसाइटचं नाव (डोमेन) चालू ठेवायचे पैसे भरले नाहीत, नाव मोकळं झालं आणि दुसऱ्यानं ते घेतलं. जुन्या नावाकडे विद्यापीठांच्या आणि ग्रंथालयांच्या पानांवरून आलेले दुवे तसेच असतात, त्यामुळे सर्च इंजिनमध्ये ते वर येतं. त्या पुण्याईवर नवा मालक उसने निबंध विकतो, औषधं खपवतो किंवा जुगाराची जाहिरात करतो. अंतराच्या अलीकडची आणि पलीकडची एकेक प्रत उघडून ‘आमच्याविषयी’ हे पान ताडून पाहिलं की चित्र स्पष्ट होतं.

दोन प्रती डोळ्यांनी जुळवत बसायची गरज नाही. वरच्या मेनूत ‘बदल’ दाखवणारा पर्याय आहे. दोन तारखा निवडल्या की त्या शेजारी शेजारी उघडतात आणि काढलेला व घातलेला मजकूर वेगवेगळ्या रंगांत दिसतो. आकडेवारीचं पान, आरोग्यविषयक सल्ला, संस्थेचं धोरण यांत गुपचूप केलेली दुरुस्ती इथे सापडते.

जतन केलेल्या पत्त्यात १४ अंकी संख्या असते. २०१९०३१४१०१५०० याचा अर्थ १४ मार्च २०१९, सकाळी १० वाजून १५ मिनिटं, ग्रिनिच वेळेप्रमाणे. ती वेळ मुख्य पानाची. त्यावरची चित्रं, आलेख आणि तक्ते कदाचित दुसऱ्याच दिवशी साठवलेले असतात आणि पाहताना एकत्र जोडून दाखवले जातात. म्हणून जुन्या पानावरच्या आलेखाचा हवाला द्यायचा असेल तर वरच्या पट्टीतला या प्रतीविषयीचा तपशील उघडावा. प्रत्येक भाग मुख्य पानाच्या किती आधी किंवा नंतर साठवला, ते तिथे दिसतं. हे न पाहता २०१५ च्या मजकुरासोबत २०१७ चा आलेख वापरला जाण्याची शक्यता खरी आहे.

मर्यादाही आहेत. लॉगिनमागची पानं साठत नाहीत. स्क्रिप्टनं भरणारी पानं बरेचदा कोरी दिसतात. मालकानं विनंती केली तर जुन्या प्रती हटवल्या जाऊ शकतात. म्हणून ‘प्रत नाही’ म्हणजे ‘पान नव्हतं’ असं कधीच म्हणू नये. ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर हल्ल्यामुळे ही सेवा काही दिवस बंद होती, तेव्हा सबमिशनच्या आदल्या रात्रीवर काम ठेवू नका. आणि आपण ज्या पानाचा हवाला देतो आहोत ते पान ‘सेव्ह पेज नाउ’ वापरून त्याच दिवशी साठवून, तो पत्ता संदर्भसूचीत मूळ पत्त्याशेजारी द्या. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२४ च्या पाहणीनुसार २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती.

नाव कुणाच्या मालकीचं ते सांगणारं ‘हूइज’ पूर्वी याच्या जोडीनं शिकवलं जायचं. मे २०१८ मध्ये युरोपचा खासगीपणाचा कायदा लागू झाल्यापासून मालकाचं नाव आणि पत्ता बहुतेक ठिकाणी झाकलेला असतो. वेबसाइटच्या नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या शोधपानावर आता नोंदणीची तारीख, मुदत आणि नोंदणी करणारी कंपनी एवढंच हाती लागतं. तारखेचा उपयोग आहे: ‘तीस वर्षांची परंपरा’ सांगणाऱ्या नियतकालिकाचं नाव गेल्या वर्षी नोंदलेलं निघालं तर विचारायला हवं. पण नाव सुटून पुन्हा घेतलं गेलं की तारीखही नव्यानं सुरू होते, म्हणून ही तारीख वेबॅकशी ताडूनच वापरावी.

शोधनिबंध: डीओआयपासून सुरुवात

शोधनिबंध पीडीएफच्या रूपात कुठूनही मिळतो, आणि धोका तिथेच आहे. पहिल्या पानावर ‘१०’ आणि टिंबानं सुरू होणारा डीओआय, म्हणजे त्या लेखाचा कायमचा ओळखक्रमांक, शोधा आणि डीओआय डॉट ऑर्गवर टाका. प्रकाशकाचं पान उघडलं की पाच गोष्टी जुळवा: शीर्षक, सर्व लेखक, नियतकालिक, वर्ष, पृष्ठक्रमांक. शीर्षक जुळतं आणि लेखक वेगळे, किंवा क्रमांक भलत्याच लेखावर जातो, असं झालं तर ती पीडीएफ बाजूला ठेवा. क्रमांक टंकताना शेवटचं टिंब किंवा कंस चुकून सोबत आलं तरी तो उघडत नाही, एवढं आधी तपासा. पीडीएफवर क्रमांक नसेल तर डीओआय नोंदवणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेच्या शोधपानावर पूर्ण शीर्षक टाकून तो मिळवता येतो. जुन्या लेखांना आणि बऱ्याच छोट्या नियतकालिकांना डीओआय नसतोच, त्यामुळे नसणं हा दोष समजू नये.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. डीओआय असणं म्हणजे तज्ज्ञांनी तपासणं नव्हे. तो फक्त कायमचा पत्ता आहे. समीक्षण न झालेल्या प्रीप्रिंटला तो मिळतो, डेटासंचाला मिळतो, आणि झेनोडोसारख्या संग्रहावर कुणीही फाइल चढवली तरी मिळतो.

यानंतरची पायरी सर्वांत जास्त टाळली जाते: निबंध मागे घेतला गेला आहे का हे पाहणं. ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातला अँड्र्यू वेकफिल्ड आणि सहकाऱ्यांचा लस व ऑटिझमविषयीचा निबंध १९९८ मध्ये छापला गेला आणि फेब्रुवारी २०१० मध्ये मागे घेतला गेला. मधली १२ वर्षं तो उतरवून घेतला जात होता, छापला जात होता. प्रकाशकाच्या पानावर आज ‘मागे घेतला’ असं ठळक दिसतं. पण कुणीतरी २००५ मध्ये स्वतःच्या वेबसाइटवर चढवलेल्या पीडीएफवर ते कुठून येणार? म्हणूनच डीओआयवरून प्रकाशकाच्या पानावर जाण्याचा आग्रह.

‘रिट्रॅक्शन वॉच’ची मागे घेतलेल्या निबंधांची नोंदवही सप्टेंबर २०२३ मध्ये क्रॉसरेफनं घेतली आणि सर्वांसाठी खुली केली. शीर्षक, लेखक किंवा डीओआय टाकून तिच्यात शोधता येतं आणि मागे घेण्याचं कारणही मिळतं. ते कारण अवश्य वाचा: मोजणीतली चूक लेखकांनी स्वतः कळवणं आणि आकडे बनावट निघणं यांत फार अंतर आहे. एकेक निबंध तपासणं जिवावर येत असेल तर संदर्भ ठेवायला झोटेरो हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. ते हीच नोंदवही वापरतं आणि तुमच्या संग्रहातला एखादा निबंध मागे घेतला गेला की त्यावर इशारा दाखवतं, मग तो तुम्ही वर्षभरापूर्वी साठवलेला का असेना. दोन वर्षं चालणाऱ्या प्रबंधासाठी ही सोय फार मोलाची आहे. मात्र नोंदीत डीओआय किंवा पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या सूचीचा क्रमांक भरलेला असला पाहिजे. हातानं टंकलेल्या अर्धवट नोंदींवर हा इशारा येईलच असं नाही.

गूगल स्कॉलर २००४ पासून आहे आणि शोधायला उत्तमच आहे. त्याला चाळणी मात्र समजू नका. तिथे निबंध यंत्रानं गोळा होतात. समीक्षित नियतकालिक, प्रबंध, प्रीप्रिंट आणि पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं एकाच यादीत येतात. ‘इतक्यांनी उद्धृत केलं’ हा आकडा दबदबा दाखवतो, खरेपणा नाही. वेकफिल्ड यांचा निबंध हजारो वेळा उद्धृत झालाय, त्यातला मोठा भाग तो खोडून काढणाऱ्यांचा आहे. त्या आकड्यावर क्लिक करा, ‘उद्धृत करणाऱ्या लेखांतच शोधा’ ही चौकट निवडा आणि खंडन, पुनरावृत्ती, मर्यादा यांचे इंग्रजी शब्द टाका. आकड्याचा खरा अर्थ तेव्हा कळतो.

नियतकालिकाची पारख करायला ‘डीओएजे’ ही मुक्त नियतकालिकांची सूची घ्या. २००३ मध्ये सुरू झालेल्या या सूचीची परीक्षा २०१३ मध्ये झाली. पत्रकार जॉन बोहॅनन यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकासाठी एक उघड चुका असलेला बनावट निबंध ३०४ नियतकालिकांकडे पाठवला. लेख छापून येईपर्यंत १५७ ठिकाणी तो स्वीकारला गेला होता, ९८ ठिकाणी नाकारला गेला होता, आणि स्वीकारणाऱ्यांत डीओएजेच्या सूचीतली नियतकालिकंही होती. त्यानंतर २०१४ मध्ये डीओएजेनं निकष कडक केले, सर्वांना नव्यानं अर्ज करायला लावले, आणि अर्ज न करणारी सुमारे ३,३०० नियतकालिकं २०१६ मध्ये वगळली. आजची सूची म्हणूनच जास्त भरवशाची आहे. वर्गणी घेऊन चालणारी नियतकालिकं तिच्यात मुळातच नसतात, तेव्हा तिथे नाव न दिसल्यावर घाबरू नका.

अमेरिकन ग्रंथपाल जेफ्री बील यांची संशयास्पद प्रकाशकांची यादी जानेवारी २०१७ मध्ये बंद झाली. तिच्या निनावी प्रती अजून फिरतात. इशारा म्हणून पाहायला हरकत नाही, पुरावा म्हणून देऊ नका. नियतकालिकाच्या पानावर ‘ग्लोबल’, ‘युनिव्हर्सल’ असल्या विशेषणांचा ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ झळकत असेल तर ते पान तिथेच बंद करायला हरकत नाही. ज्याला संशोधक इम्पॅक्ट फॅक्टर म्हणतात, म्हणजे नियतकालिकातले लेख सरासरी किती वेळा उद्धृत होतात तो आकडा, तो क्लॅरिव्हेट या कंपनीच्या वार्षिक अहवालातून येतो. आठ अंकी आयएसएसएन हा नियतकालिकाचा निव्वळ ओळखक्रमांक आहे, दर्जाचा शिक्का नाही. आणि चांगल्या नियतकालिकाचं नाव व आयएसएसएन चोरून उभारलेल्या हुबेहूब वेबसाइटही असतात. त्यांच्यासाठी रिट्रॅक्शन वॉचनं २०२२ मध्ये सुरू केलेली अपहृत नियतकालिकांची यादी पाहा.

गुण देणारी साधनं आणि चॅटबॉट

ब्राउझरमध्ये हिरवा-लाल गोल दाखवणाऱ्या ‘वेब ऑफ ट्रस्ट’ या विस्ताराचा (एक्स्टेंशनचा) अनुभव पुरेसा बोलका आहे. वापरणाऱ्यांचा ब्राउझिंगचा तपशील या विस्ताराकडून बाहेर विकला जात असल्याचं २०१६ मध्ये जर्मन प्रसारण संस्थेनं उघड केलं आणि तो काही काळ ब्राउझरच्या दुकानांतून काढावा लागला. ‘स्कॅमअ‍ॅडव्हायझर’सारखी साधनं खरेदीत फसवणूक होईल का ते पाहतात, तिथे उत्तम गुण मिळवणाऱ्या वेबसाइटवर चुकीचं विज्ञान आरामात असू शकतं. ‘न्यूजगार्ड’चं काम त्यातल्या त्यात गंभीर आहे: नऊ जाहीर निकष, शंभरपैकी गुण, प्रत्येक गुणाचं लेखी स्पष्टीकरण. पण ते वृत्तसंस्थळांपुरतं आहे आणि त्याला वर्गणी लागते. ग्रंथालयानं घेतलं असेल तर गुण सोडून स्पष्टीकरण वाचा. छायाचित्रांसाठी ‘टिनआय’ हे चित्रावरून शोध घेणारं साधन घ्या आणि निकाल ‘सर्वांत जुना’ या क्रमानं लावा; फक्त ती तारीख टिनआयला चित्र पहिल्यांदा सापडल्याची असते, ते काढल्याची नव्हे.

चॅटबॉटला ‘ही वेबसाइट विश्वासार्ह आहे का’ असं विचारणं म्हणजे पुन्हा निकाल मागणं. नावाजलेल्या संस्थेबद्दल उत्तर बरं येतं. अनोळखी वेबसाइटबद्दल ते अनेकदा तिच्याच ‘आमच्याविषयी’ पानाचा सारांश असतो. संदर्भ मागितले तर धोका अधिक. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयानं चॅटबॉटनं रचलेले, अस्तित्वातच नसलेले खटले सादर करणाऱ्या वकिलांना ५,००० डॉलरचा दंड केला होता. रचलेला संदर्भ दिसायला अचूक असतो: खरं नियतकालिक, त्या विषयात खरोखर काम करणारे लेखक, शक्य वाटणारं वर्ष, फक्त असा लेख कुणी लिहिलेलाच नसतो. म्हणून प्रत्येक संदर्भाचं शीर्षक अवतरणचिन्हांत टाकून स्कॉलरवर शोधा, मग डीओआयवरून प्रकाशकाच्या पानावर जा. लेख सापडला तरी थांबू नका. चॅटबॉटनं त्याच्या नावावर घातलेलं विधान त्या लेखात आहे का, हे कंट्रोल आणि एफ दाबून त्यातल्या आकड्यानं किंवा एखाद्या नेमक्या संज्ञेनं शोधा, आणि सापडलं तर त्याच्या आधीचा व नंतरचा परिच्छेदही वाचा. लेखकांनी ‘असं पूर्वी मानलं जायचं’ म्हणून लिहिलेलं वाक्य निष्कर्ष म्हणून पुढे केलेलं सापडेल ते बहुधा तिथेच.